दोन्ही हातांनी

ड्रायव्हर : खालून धरा ताई, खालून! त्या खोक्याचं बुड गेलंय. सगळं पायावर येईल.

लेक : आहे काय यात एवढं?

ड्रायव्हर : बाटल्या. औषधाच्या नव्हेत, दुधाच्या. पिशवीत रबराची बोंडं आहेत बघा, सगळ्या मापांची. कुत्र्याच्या पिल्लाला वेगळं, कोकराला वेगळं. एकदा खारीचं पिल्लू सापडलं होतं, त्याला सिस्टरांनी डोळ्यांत औषध घालायच्या नळीनं पाजलं. मी जीप चालवतोय आणि बाजूच्या सीटवर ही बाई खारीला ढेकर काढतेय.

लेक : टाकून द्या.

ड्रायव्हर : सगळ्या?

लेक : मग काय करू? काचेच्या कपाटात मांडून ठेवू? ही दवाखान्याची खोली आहे, आमच्या मालकीची नाही. उद्या नवीन सिस्टर येतेय. आज रिकामी करून किल्ली द्यायची आहे.

ड्रायव्हर : देऊ की. पण तुम्ही वजन उचलू नका. मी आहे, मावशी आहेत. तुम्ही आपलं बसून सांगा, काय ठेवायचं, काय नाही.

लेक : का? मला काय झालंय?

ड्रायव्हर : नाही म्हणजे... सिस्टर म्हणाल्या होत्या, ताईंना दिवस गेलेत. मध्यंतरी जीपमध्ये बसल्या की तोच विषय असायचा.

लेक : होते दिवस. आता नाहीत. मूल जन्मलं तेव्हाच गेलेलं होतं. घ्या, ते खोकं घ्या माझ्या हातातून.

ड्रायव्हर : मला कुणी बोललं नाही ताई.

मावशी : तुला कोण बोलणार? तुला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर पोचतं. त्या जीपला भोंगा कशाला बसवलाय तेच मला कळत नाही. जा, ते खोकं बाहेर ठेव. टाकू नकोस, ठेव फक्त.

लेक : मावशी, तुम्ही मध्ये पडू नका.

मावशी : मध्ये पडायचंच काम केलं गं मी या दवाखान्यात. झाडायचं, पुसायचं, बाईला कळा सुटल्या की पाय धरून बसायचं आणि तुझ्या आईचं कुणाशी वाजलं की मध्ये पडायचं. आता सवय जाणार आहे थोडीच? हा कोट बघ. ठेवायचा का?

लेक : खिसा फाटलाय त्याचा.

मावशी : फाटला नाही, चावलाय. त्यानं.

लेक : कोणी?

मावशी : मागं वळून बघ. दारात उभं आहे.

ड्रायव्हर : या, या साहेब! आले पाहणीला. ताई, मी याला साहेब म्हणतो. वरून तपासणीला येतात ना, अगदी तस्सं वागणं. आल्या आल्या सगळ्यात उंच जागा बघून चढायचं, कागद दिसला की तोंड घालायचं आणि काही काम न करता निघून जायचं.

लेक : याला आत घेऊ नका हो. आत्ताच झाडलंय.

मावशी : तो आतच राहायचा गं. त्या कॉटखाली.

लेक : शेळीचं करडू कॉटखाली. शाब्बास. मी सुट्टीत आले की मला मात्र सांगायची, चपला बाहेर काढ.

ड्रायव्हर : सिस्टर गेल्या त्या दिवशी दवाखान्यामागच्या बाकावर बसलेल्या होत्या. मांडीवर बाटली आडवी. आम्हांला वाटलं, डोळा लागलाय. हे आपलं खिसा ओढतंय, ओढतंय. मावशी ओरडल्या त्याच्यावर, उठवू नको रे त्यांना, रात्रभर जागल्यात. आणि मग...

मावशी : पुरे. तिला ठाऊक आहे.

लेक : मला काही ठाऊक नाही. मला फोन आला, मी आले, तोवर तुम्ही तिला बाहेर ठेवलेलं होतं. नीट ऐका दोघंही. शेळ्यांचा व्यापारी दुपारच्या आत येतोय. मीच निरोप धाडलाय. या करडाला तो घेऊन जाईल. विषय संपला.

ड्रायव्हर : तो पुढं खाटकाला देतो ताई.

लेक : मग तुम्ही घ्या! घ्या ना. मावशींचं अंगण मोठं आहे, त्यांनी घ्यावं. कालपासून दोघांना विचारतेय, दोघंही छताकडे बघताय.

मावशी : माझ्याकडे जागा नाही.

ड्रायव्हर : जागा नाही? मावशी, तुमच्या अंगणात माझी जीप वळते.

मावशी : तू गप रे.

लेक : आईजवळ एवढी वर्षं राहिलात तुम्ही. तिच्या मागं तिचं एक जनावर सांभाळवत नाही? मग गावातल्या इतर लोकांना नावं कशाला ठेवू? पोचवायला किती माणसं आली होती, सांगा. आपण तिघं, ते मोठे डॉक्टर, दोन-चार म्हातारे. बस्स. या बाईनं इथल्या निम्म्या लोकांच्या नाळा कापल्यात. जन्मभर तंगडतोड केली. आणि लोकांनी दारं लावून घेतली. येताना मी बघितली ती दारं. एका बाईनं आम्हांला बघून पोराला आत ओढलं. का?

ड्रायव्हर : गाडीत दोरी आहे का बघतो. खोकी बांधायला.

लेक : दोरी इथंच आहे, खुंटीला. का, ते सांगा.

मावशी : सांग रे. एरवी न विचारता बोलतोस.

ड्रायव्हर : मला नाही जमणार. तुम्हीच सांगा.

मावशी : बस पोरी. त्या गादीच्या वळकटीवर बस. तुझ्या आईची एक रीत होती. कुणाचं मूल गेलं, पोटातलं म्हण, पाळण्यातलं म्हण, की काही दिवसांनी ती त्या घरी जायची. बगलेत एखादं पिल्लू घेऊन. बिनआईचं. कुत्र्याचं, शेळीचं, जे मिळेल ते. त्या बाईच्या मांडीवर ठेवायचं, हातात बाटली द्यायची, इतक्या-इतक्या वेळानं पाज म्हणून सांगायचं आणि निघून यायचं. समजूत घालायची नाही, काही नाही. मी म्हणायची, अहो, दोन शब्द तरी बोला. म्हणायची, शब्दांनी काही व्हायचं नाही, तिच्या हातांना काम हवंय.

लेक : मेलेल्या मुलाच्या बदल्यात शेळी.

मावशी : बदल्यात नव्हे गं.

लेक : मग काय? एवढं मोठं दुःख झालेल्या बाईला म्हणायचं, हे घे, याला पाज? आईला माणसांशी बोलता यायचं नाही, एवढंच खरं. जनावरांशी यायचं. मला झालं तेव्हा शहरात आली माझ्याकडे. दवाखान्यात कॉटशेजारी स्टुलावर बसली. बोलली काय? तर खिडकीबाहेर मांजर व्यालंय म्हणाली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी निघून गेली.

ड्रायव्हर : ताई, माझी बायको पण भिंतीकडे तोंड करूनच होती.

लेक : तुमची?

ड्रायव्हर : आमचा पहिला मुलगा. पाळण्यात होता. ताप आला आणि गेला. ही जेवेना, बोलेना, केस विंचरेना. माझी आई रडायची, माझी बहीण रडायची, मी आपला विनोद करायचो. दुसरं काय येतं मला? मग एक दिवस सिस्टर आल्या. कोटाच्या आतून कुत्र्याचं पिल्लू काढलं, एवढंसं, डोळे पण उघडले नव्हते. हिच्या मांडीवर ठेवलं. ही हात लावेना. पिल्लू घसरायला लागलं. खाली पडेल म्हणून हिनं धरलं. तेवढंच. मग बाटली दिली आणि म्हणाल्या, दोन्ही हातांनी धर. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी. मला म्हणाल्या, तू बाहेर हो.

लेक : आणि?

ड्रायव्हर : आणि मी बाहेर झालो. आत काय झालं ते मला अजून माहीत नाही. संध्याकाळी ही मला म्हणाली, दूध संपलंय, घेऊन या. बोलली, एवढंच मला पुरे होतं. ते कुत्रं अजून आहे आमच्या दारात. म्हातारं झालंय, माझ्यावरच भुंकतं.

लेक : मग अशी माणसं आली का नाहीत? तुमच्यासारखी?

मावशी : कारण एकदा तुझ्या आईनं घोळ घातला. ओढ्यापलीकडं एक घर आहे. तिथलं बाळ आजारी होतं, जन्मापासून छातीचं दुखणं. मोठ्या दवाखान्यानंही हात टेकले होते. तुझ्या आईला दिसत होतं, हे काही राहत नाही. त्याच दिवशी इथं एक कोकरू आलं होतं, आई मेलेलं. आता बघ, ओढा फुगलेला, पुन्हा ओलांडता येईल की नाही शंका. तिनं काय केलं असेल? बाळाचं औषध घेतलं आणि जाताना कोकरूही घेतलं. म्हणाली, आज नाही तर उद्या लागणारच आहे, तिथंच गोठ्यात ठेवून येते.

लेक : बाळ असताना?

मावशी : बाळ असताना. मी सांगितलं होतं, नका नेऊ. ऐकते कुणाचं? तिच्या डोक्यात ओढा. तिच्या डोक्यात कोकराची भूक. त्या घरातल्या म्हातारीनं विचारलं, हे कशाला आणलंत? आणि तुझ्या आईला खोटं बोलता यायचं नाही. गप्प उभी राहिली. बाळ त्याच संध्याकाळी गेलं.

लेक : अरे देवा.

मावशी : झालं. म्हातारीनं गावभर केलं. सिस्टरचं पिल्लू आलं आणि आमचा पाळणा रिकामा झाला. मग लोक मागचं आठवायला लागले. अमक्याच्या घरी शेळी आली होती, त्याचं मूल गेलं होतं. तमक्याच्या घरी कुत्रं. आधी काय झालं आणि नंतर काय, याचा कोण विचार करतो? सगळं उलटं झालं. जिथं पाळणा रिकामा तिथं पिल्लू जायचं, तर लोक म्हणायला लागले, जिथं पिल्लू जातं तिथला पाळणा रिकामा होतो.

ड्रायव्हर : त्यावर सिस्टरांनी आणखी एक शहाणपणा केला. लोक बगलेतलं पिल्लू बघून दारं लावतात ना, मग पिल्लू लशीच्या पेटीत घालून न्यायला लागल्या. बर्फ काढून, आत फडकं घालून. झाकण किलकिलं ठेवून.

मावशी : आणि ते एका बाईनं बघितलं.

ड्रायव्हर : मग लोक पेटीलाही भ्यायला लागले. लस टोचायला गेलो तरी दारं बंद. सिस्टर रस्त्यात उभ्या राहून झाकण उघडून दाखवायच्या. बघा, फक्त लस आहे, बघा ना. आतून कुणी बघायचं नाही. मी जीपमध्ये बसून बघत राहायचो. माझ्याच्यानं बघवायचं नाही, ताई. मी विनोद पण करायचो नाही तेव्हा.

लेक : मला हे कधी बोलली नाही ती.

मावशी : तुला काय सांगणार? तुझी आई अपशकुनी झालीय म्हणून?

लेक : मी दर आठवड्याला फोन करायचे. विचारायचे, कशी आहेस. म्हणायची, बरी आहे, मांजरी व्यायली, कावळ्याचा पंख मोडलाय. मला वाटायचं, हिला दुसरं काही सुचत नाही. मला राग यायचा, मावशी. आत्ताही येतोय. लहानपणापासून बघतेय. आमच्या घरात एक शेळी होती, पांढरी. आठवते तुम्हांला?

मावशी : न आठवायला काय झालं?

लेक : मी लहान होते. मला आत्याकडे पाठवलं होतं. आई आजारी आहे म्हणाले. परत आले तर माझ्या अंथरुणात शेळीचं पिल्लू. आई त्याला पाजतेय आणि मी दारात उभी. माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही तिनं. त्या पांढरीला मी चिमटे काढायचे. शाळेतून आले की आई आधी तिला विचारायची, पांढरी, ऊन लागतंय का? मी आपली दप्तर घेऊन उभी. मोठी झाल्यावर मैत्रिणींना सांगायचे, माझ्या आईला दोन मुली आहेत, थोरली शेळी.

मावशी : थोरली नाही, मधलीही नाही, तिसरी. तुझ्या पाठीवर तुला भाऊ झाला होता.

लेक : काय?

मावशी : आठवडाभर होता. याच खोलीत, इथंच. म्हणून तर तुला आत्याकडे धाडलं. तुझ्या बाबांनी सगळ्यांना शपथ घातली, पोरीला सांगायचं नाही. मग ते गेले आणि शपथ तशीच राहिली.

लेक : इथं? या खोलीत?

मावशी : जिथं तू बसलीस ना, तिथंच कॉट होती तेव्हा. दुसऱ्यांची बाळंतपणं करणारी बाई, आणि स्वतःचं हातातून गेलं. ती बसून राहिली. रडायला लागली की आधी डोळे पुसायची. पाणी आलं की पुसून टाकायची, आलं की पुसायची. सिस्टर ना ती, पेशंटसमोर रडायचं नाही ही सवय. इथं पेशंट कुणी नव्हतं. दवाखान्यामागं एक शेळी मेली होती, तिचं पिल्लू सकाळपासून कोकलत होतं. माझं डोकं उठलं होतं. दवाखाना झाडायचा, बाहेर रांग लागलेली, डॉक्टर हाका मारतायत. मी वैतागले आणि ते पिल्लू उचलून तुझ्या आईच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, रिकाम्या बसलाय तर धरा हे.

लेक : तुम्ही?

मावशी : मीच. माया म्हणून नव्हे हं. वैताग म्हणून. तर ती एका हातानं बाटली धरतेय आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसतेय. दूध सगळं फरशीवर. फरशी कोण पुसणार? मी. मी खेकसले तिच्यावर. दोन्ही हातांनी धरा!

ड्रायव्हर : म्हणजे ते तुमचं आहे? दोन्ही हातांनी? मला वाटायचं, नर्सिंगच्या शाळेत शिकवतात.

मावशी : कसली शाळा! माझी फरशी.

लेक : मग हे... हे दारात उभं आहे ते कुणासाठी आणलं होतं?

मावशी : तूच सांग.

लेक : मी कशी सांगू?

मावशी : तुझ्याकडून परत आली तेव्हा पिशवी खाली ठेवली नाही की पाणी प्यायली नाही. तशीच शेळ्यावाल्यांच्या वाड्यांवरून फिरत गेली. गाभण किती, कुणाला किती होतील, विचारत. पुढं एका शेळीला तीन झाली. दोघांना दूध पुरत होतं, हे तिसरं उपाशी. हे घेऊन आली. त्याच सुमाराला खालच्या वस्तीतल्या एका पोरीचं मूल गेलं. मी म्हटलं, सिस्टर, तिला द्या, तिची सासू ओरडेल पण मी बघते तिच्याकडं. तर म्हणाली, नाही, हे दिलेलं आहे. मी म्हटलं, कुणाला? इथंच तर उंडारतंय. पहिल्यांदा असं केलं तिनं. त्या पोरीला रिकाम्या हातानं बसवलं. मला राग आला होता, अजून थोडा आहे. रीत म्हणजे रीत. स्वतःच्या लेकीसाठी मोडायची?

लेक : मला म्हणाली होती. फोनवर. जमेल तेव्हा ये, पण दूध सुटायच्या आत ये. मी म्हटलं, हो हो, बघते, सुट्टी मिळाली तर. कुणाचं दूध, विचारलंही नाही. वाटलं, बोलतेय नेहमीसारखं काहीतरी.

ड्रायव्हर : आता एकच वेळ घेतं ताई. बाकी पाला खातं. सिस्टर गेल्यापासून मी पाजतोय, पण माझ्या हातून धड पीत नाही. मी एका हातात फोन, एका हातात बाटली.

लेक : त्या खालच्या वस्तीतल्या मुलीला आता दिलं तर?

मावशी : दोनदा जाऊन आले. सासू दार उघडत नाही. आतून म्हणते, एकदा झालं ते पुरे, आता घर बुडवायला येऊ नका. आणि ती पोरगी खिडकीत उभी राहून माझ्या हातातल्या पिल्लाकडे बघत होती. ते मी विसरायची नाही.

लेक : आणि तुम्ही? तुम्ही तर सगळं बघितलंय पहिल्यापासून. पहिलं पिल्लू तुम्ही दिलंत. तुम्ही का घेत नाही?

मावशी : सून सातव्यात आहे माझी.

लेक : मावशी!

मावशी : मला ठाऊक आहे गं! सगळं खोटं आहे, मला ठाऊक आहे. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लोकांशी भांडले मी, तोंडाला फेस येईस्तोवर. आणि काल हे माझ्यामागं अंगणापर्यंत आलं, सून दारात बसली होती पाय पसरून. मी दगड उचलला. मारला नाही. पण उचलला. तुझ्या आईच्या कॉटखाली वाढलेल्या जिवावर मी दगड उचलला. काय करू? भीती खरं-खोटं विचारून येते का?

ड्रायव्हर : माझी बायको म्हणते, नको. कुत्र्याला बघूनच अजून एखाद्या दिवशी तिचा चेहरा पडतो. आणखी एक नको म्हणते.

लेक : आई हे सगळं ऐकत होती? तुमचं, त्यांचं?

मावशी : माझं ऐकायची वेळ तिच्यावर आली नाही. त्या आधीच गेली. बरं झालं म्हणू की काय म्हणू.

(बाहेर टेम्पोचा भोंगा वाजतो. पुन्हा वाजतो.)

ड्रायव्हर : व्यापारी आला. मागं आणखी पाच-सहा करडं भरलेली दिसतायत. काय सांगू, ताई?

मावशी : बघ बाई. तुझं शहर, तुझा तिसरा मजला. मी कुठल्या तोंडानं सांगू तुला?

ड्रायव्हर : गच्ची असते का तिथं? नाही, सहज विचारलं. आमच्या साहेबांना चढायला उंच जागा लागते.

लेक : गच्ची आहे. पण घरमालक... नवरा काय म्हणेल, ठाऊक नाही. तो बोलत नाही हल्ली. आम्ही दोघंही बोलत नाही. पाळणा अजून बेडरूममध्येच आहे. तो उचलून कुठं ठेवायचा, एवढंसुद्धा बोललो नाही.

ड्रायव्हर : भोंगा वाजवतोय तो. थांबणार नाही फार.

लेक : त्याला म्हणावं, जा.

ड्रायव्हर : कारण विचारेल. तुम्हीच निरोप धाडला होता ना?

लेक : सांगा, ते दिलेलं आहे.

ड्रायव्हर : बरं. सांगतो. अस्सं सांगतो की पुन्हा या रस्त्याला भोंगा वाजवणार नाही.

मावशी : दूध चुलीजवळ आहे. कोमट असेल अजून. त्याच्यासाठीच ठेवलं होतं मी, शेवटचं म्हणून.

लेक : बाटली?

मावशी : खोक्यात. मधल्या मापाचं बोंड लाव. बाहेर ठेवलंय खोकं, टाकलं नाही. मी सांगितलं होतं ना त्याला, टाकू नकोस म्हणून?

लेक : हे इकडे येत का नाही? ए... काय म्हणायची आई याला?

मावशी : काही नाही. नाव ज्याच्या घरी जाईल त्यानं ठेवायचं, ही पण रीतच. खाली बस तू. उभ्यानं पाजलं की ठसका लागतो. मांडी घाल. हं. घे त्याला पुढं. लाथा मारेल, मारू दे.

लेक : किती गरम आहे अंग याचं.

मावशी : जितं आहे म्हणून.

लेक : घेत नाहीये, मावशी. तोंड फिरवतंय. उशीर झाला मला. दूध सुटलं बहुतेक याचं.

मावशी : धीर धर जरा. हनुवटीखाली बोट फिरव. तस्सं. धरलं बघ. ओढतंय की चांगलं! अगं, सांडतंय. एका हातानं काय धरतेस?

लेक : आता ठीक आहे?

मावशी : दोन्ही हातांनी. हं.

ड्रायव्हर : गेला तो. म्हणाला, एवढ्याशा... अं. मी बाहेरच आहे, मावशी. दोरी बघतो.

मावशी : बघ. आणि दार ओढून घे जाताना.

लेक : मावशी, त्याला... माझ्या भावाला नाव ठेवलं होतं?

मावशी : नाही गं. तेवढा वेळ मिळाला नाही.

लेक : माझ्या मुलीलाही नाही. आम्ही दोन ठरवली होती, त्यातलं एक निवडायचं होतं. कुणाला सांगितलीही नाहीत ती नावं. आईनं विचारलं नाही. ती विचारेल असं वाटत होतं मला. मी वाट बघत होते, मावशी, भिंतीकडे तोंड करून... मला दिसत नाहीये नीट. जरा डोळे पुसता का माझे? हात गुंतलेत.

मावशी : राहू दे, वाहू देत. तुझ्या आईचेही मी पुसले नव्हते.